संस्थेची चित्रचिन्हे: तयार संच घ्यावा की स्वतःचा काढून घ्यावा?

सोनचाफा

नमस्कार. मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी पतसंस्थेत काम करते. संस्थेचे बोधचिन्ह आणि रंग ठरलेले आहेत. परंतु सेवा दाखवणाऱ्या छोट्या चित्रांच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद आहे. सोने तारण कर्जासाठी मोबाइल ॲपमध्ये बारीक रेषेतली बांगडी आहे, शाखेतल्या पाटीवर भरीव पिवळ्या विटा आहेत आणि वार्षिक अहवालात चकाकणारे, सावली पडलेले मंगळसूत्र आहे. छपाईचे काम ज्याच्याकडे गेले त्याने आपल्या साठ्यात जे सापडले ते लावले, असे वर्षानुवर्षे होत आले आहे.

आता संचालक मंडळाला सगळीकडे एकसारखी, हाताने काढल्यासारखी आणि आपुलकीची वाटणारी चित्रे हवी आहेत. एक गट म्हणतो की तयार संच विकत घेऊन मोकळे व्हावे. दुसरा म्हणतो की चित्रकाराकडून संस्थेचा स्वतःचा संच काढून घ्यावा. ज्यांनी असे काम केले किंवा करवून घेतले आहे त्यांनी कृपया सांगावे की खर्च कोणत्या वाटेने सार्थकी लागतो, आणि एकदा केलेली एकसूत्रता पुढे टिकवायची कशी.

रेघोटी

मी हेच काम करते, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असणार हे गृहीत धरावे.

चित्रकाराला बोलावण्याआधी अर्थांची यादी करा. ‘बांगडी’, ‘वीट’ अशी चित्रांची यादी करायची नाही. ‘सोने तारण’, ‘आवर्ती ठेव’, ‘वारस नोंद’, ‘थकीत हप्ता’ अशी अर्थांची करायची. प्रत्येक अर्थापुढे ते चित्र कुठे कुठे लागणार आहे हे लिहा. ही यादी केल्यावर बहुतेक संस्थांच्या लक्षात येते की एकाच अर्थाला तीन चित्रे आहेत आणि एकच चित्र तीन अर्थांसाठी वापरले जात आहे. हा गोंधळ सुंदर चित्रांनी मिटत नाही.

एकसारखेपणा कुठून येतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ओटल आयखर यांच्या चमूने केलेली खेळांची चिन्हे. चौकटीच्या जाळीवर आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या तिरक्या रेषा, एवढ्याच दिशा त्यांनी स्वतःला मोकळ्या ठेवल्या. डोके म्हणजे वर्तुळ, हातपाय म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पट्ट्या. पोहणारा असो वा तलवारबाज, ती माणसे एकाच घरातली वाटतात, कारण त्यांना नियम एकच लागू आहे. पुढे १९७६ मध्ये माँट्रियलनेही हाच संच वापरला, म्हणजे नियम पक्के असले की संच दुसऱ्या गावातही टिकतो.

तुमच्या संचासाठी रेषेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई, बघण्याची दिशा (समोरून की थोडे वरून), रेषा कुठे तुटू शकते आणि एका चित्रात जास्तीत जास्त किती वस्तू, एवढे लिहून ठेवले तरी पुष्कळ झाले. ‘हाताने काढल्यासारखे’ हवे असेल तर हाताचा थरथराटही किती, हे ठरवावे लागते. नाहीतर पहिल्या दहा चित्रांत तो असतो आणि पुढे चित्रकार थकल्यावर नाहीसा होतो.

खटपट्या

आमच्या गावच्या फ्लेक्सवाल्याकडे एकसूत्रता आधीपासूनच आहे. नगरसेवकाचा वाढदिवस असो की रक्तदान शिबिर, कोपऱ्यात तोच उडणारा गरुड असतो.

हिशेबी

रेघोटीताईंचा मुद्दा मान्य आहे, तरी मी तयार संचाच्या बाजूने बोलतो, कारण पैसे शेवटी सभासदांचे आहेत.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९७४ मध्ये विमानतळ आणि स्थानकांसाठी ३४ चिन्हे तयार करून घेतली आणि १९७९ मध्ये त्यांची संख्या ५० वर नेली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येतात, आणि जगभरच्या लोकांना ती ओळखीची झाली आहेत. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, लिफ्ट यांसाठी एखाद्या संस्थेने ‘आपली ओळख’ म्हणून नवीन चित्र काढणे हा माझ्या मते ग्राहकावर अन्याय आहे. घाईत असलेल्या माणसाला तुमची कलात्मकता बघायची नसते. त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा दोन शाखांचे रॅम्प नीट करावेत.

मोबाइलसाठीही मोफत परवान्याचे मोठे संच उपलब्ध आहेत आणि ते अनेकांच्या हातून तपासून निघालेले असतात. मात्र परवाना वाचावा. ‘मोफत’ लिहिलेल्या पुष्कळ संचांत श्रेय देण्याची अट असते, आणि पासबुकाच्या मलपृष्ठावर कोणा परदेशी संकेतस्थळाचे श्रेय छापायला संचालक मंडळ तयार होईल असे वाटत नाही.

सोनचाफा

हिशेबी, तुमचे म्हणणे पटते, आणि आम्ही तयार संच पाहिलेही. अडचण अशी की बचतीसाठी तिथे डुकराच्या आकाराचा गल्ला असतो, नाण्यावर डॉलर असतो, घराला धुराडे असते आणि शेतीसाठी अमेरिकन पद्धतीचे लालभडक कोठार असते. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये आले, तरी स्वस्त संचांत ते अजून शोधावे लागते. डॉलर पुसून रुपया लिहिता येतो. परंतु दैनंदिन बचत गोळा करायला दारात येणारा आमचा प्रतिनिधी, सोने तोलणारा सराफ किंवा ऊसबिलातून होणारी वसुली कुठल्याच संचात नाही.

निरगुडी

मी ग्रामीण आरोग्याच्या कामात आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. चित्र कसे दिसते यावर इथे चर्चा चालू आहे. ते समजते का, हे कोण विचारणार?

औषधे कशी घ्यायची हे दाखवणाऱ्या अमेरिकन चिन्हांची दक्षिण आफ्रिकेत कमी शिकलेल्या लोकांमध्ये चाचणी झाली, तेव्हा त्यांतली बरीच चिन्हे लोकांना कळली नाहीत, आणि तिथल्या माणसांना बरोबर घेऊन काढलेली चिन्हे अधिक चांगली कळली. आपल्याकडचे उदाहरण कीटकनाशकाच्या डब्यावरचे आहे. तिथे लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी विषारीपणाची उतरती श्रेणी असते. हिरवा हा सर्वांत कमी विषारी गट आहे, तो निर्धोक नव्हे. तरी हिरवा दिसला की ‘हे चालते’ असे म्हणणारे शेतकरी मला भेटले आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्याची कारणे अनेक होती आणि ती एका खुणेवर ढकलणे चूक ठरेल. परंतु जी खूण वापरणाऱ्याला विचारून केलेली नाही तिच्यावर सुरक्षेचा भार टाकता येत नाही, हे तेव्हा मनावर ठसले.

चाचणी अवघड नसते. मजकूर झाकून चित्र दाखवायचे आणि ‘हे कशाचे आहे असे वाटते?’ एवढेच विचारायचे. ‘आवडले का?’ असे विचारू नये, कारण आपले लोक सभ्य असतात आणि होच म्हणतात. अमेरिकेच्या सुरक्षाचिन्हांच्या मानकात ८५ टक्के लोकांना अर्थ कळावा आणि घातक गैरसमज ५ टक्क्यांहून जास्त लोकांचा होऊ नये, अशी कसोटी आहे. पतसंस्थेला इतके कडक राहण्याची गरज नाही, पण गैरसमज वेगळा मोजण्याची कल्पना उचलण्यासारखी आहे. न कळलेले चित्र माणसाला विचारायला लावते. चुकीचे कळलेले चित्र त्याला चुकीच्या रांगेत उभे करते.

जुना_कंपोझिटर

वरील सर्वांनी एकसारखेपणा हा गुण मानला आहे. मला थोडा विरोध नोंदवायचा आहे.

आपल्या देशातला चित्रचिन्हांचा सर्वांत यशस्वी वापर निवडणुकीतला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून निरक्षर मतदाराने चित्र पाहून मत दिले. आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढलेली शिलाई मशीन, गॅस सिलिंडर, प्रेशर कुकर अशी चित्रे आठवून पाहा. त्यांत ना जाळी, ना रेषेची ठरलेली जाडी. सायकल नाजूक आणि कुकर थोराड. तरीही ती चालतात, कारण प्रत्येक वस्तू दुसरीपासून लांबूनही वेगळी दिसते.

याच्या उलट टोक पाहायचे तर गूगलने २०२० मध्ये मेल, कॅलेंडर, ड्राइव्ह आणि मीट यांच्या चिन्हांना तेच चार रंग एकाच घडणीत दिले. ती सारी एका घरातली दिसू लागली, आणि पुष्कळ वापरकर्त्यांनी तक्रार केली की आता कोणते कोणते ते ओळखू येत नाही. चिन्हाचे पहिले काम शेजारच्या चिन्हाहून वेगळे दिसणे हे आहे. घराण्याचे नाक नंतर दिसले तरी चालेल.

रेघोटी

कंपोझिटरकाकांचा आक्षेप योग्य आहे, परंतु निवडणुकीत प्रत्येक चित्र स्वतंत्र पक्षाचे असते. तिथे एका घरातले दिसणे हा दोष ठरेल. पतसंस्थेत मागणी दुहेरी आहे. पाटी संस्थेची आहे हे लांबून कळावे आणि खिडकी कर्जाची आहे हे जवळून कळावे.

दोन्ही साधल्याचे उदाहरण मेक्सिको शहराच्या मेट्रोत आहे. १९६९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा वाचता न येणारे प्रवासी पुष्कळ होते, म्हणून लान्स वायमन यांच्या चमूने प्रत्येक स्थानकाला स्वतःचे चित्र दिले. चापुल्तेपेकला नाकतोडा आहे, तर पिनो सुआरेझला खोदकामात सापडलेले छोटे प्राचीन मंदिर आहे. चौकटीचा आकार सारखा आहे, पार्श्वभूमीला मार्गाचा रंग आहे आणि आतली बाह्याकृती दर वेळी निराळी आहे. नियम चौकटीला आणि रेषेला लावायचे असतात, बाह्याकृतीला मोकळीक द्यायची असते. संच तयार झाला की सगळी चित्रे काळ्या रंगाने भरून टाका. केवळ सावलीवरून जी दोन चित्रे एकमेकांत मिसळतात त्यांपैकी एक बदला.

गोधडी

एवढी चर्चा झाली पण वारलीचे नाव कोणी घेतले नाही. दोन त्रिकोण जोडले की माणूस, रेषा सारखी, पांढरा रंग, विटकरी पार्श्वभूमी. आपल्या मातीतली एकसूत्रता आयती उपलब्ध असताना म्युनिकला कशाला जायचे?

निरगुडी

गोधडी, कृपया हे टाळावे. वारली चित्रे डहाणू-जव्हार भागातल्या समाजाची आहेत. त्यांत लग्नाचा चौक आहे, देवता आहेत, पिकाचे वर्तुळ आहे. त्या परंपरेतल्या माणसाला काडीचा सहभाग न देता तिचे त्रिकोण ‘थकीत हप्ता’ दाखवायला वापरणे मला बरे वाटत नाही. या चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे, तरी नकला थांबलेल्या नाहीत. ज्या संस्थेचे सभासद पालघर जिल्ह्यातले आहेत आणि जिने तिथल्या चित्रकाराला मानधन देऊन काम दिले आहे, तिची गोष्ट वेगळी.

गोधडी

नकलेबद्दलचा मुद्दा मान्य. परंतु मग ‘आपले’ दिसणे म्हणजे नक्की काय, हा प्रश्न राहतोच. प्रत्येक लोककलेवर पाटी लावली तर उरतो तो गोल डोक्याचा, गळा नसलेला परदेशी माणूस.

रेघोटी

आपलेपणा शैलीत शोधण्याऐवजी वस्तूंत शोधावा, असे मला वाटते. पत्र्याचा गोल गल्ला, पितळी तराजू, लाल बासनातले दप्तर, उसाची मोळी, कौलारू घर, दोन चाकांवरचा वसुली प्रतिनिधी हे सारे साध्या रेषेतही आपलेच दिसतात. माणसे काढताना मात्र अधिक जपावे लागते. मुंबईच्या लोकल गाड्यांत महिलांच्या डब्यावर डोक्यावर पदर घेतलेली स्त्री वर्षानुवर्षे होती. काही वर्षांपूर्वी पश्चिम रेल्वेने काही गाड्यांवर तिच्या जागी कार्यालयीन वेशातली स्त्री आणली. दोन्ही चित्रांवर ‘ही सगळ्या बायकांची प्रतिनिधी कशी?’ असा प्रश्न विचारता येतो. कर्जदार पुरुष आणि बचत करणारी बाई, शेतकरी धोतरात आणि व्यवस्थापक टायमध्ये, असे वाटे पडू देऊ नका. शक्य तिथे माणसाऐवजी हात किंवा वस्तू काढली की अर्धे वाद टळतात.

अभ्र

मी संगणक प्रणाली लिहिणारा असल्यामुळे चित्रे हाती आल्यानंतर काय होते एवढेच लिहितो.

सर्वांत जास्त नुकसान आकार बदलताना होते. डीटीपीवाले कोरलड्रॉमध्ये चित्र लहान करतात आणि ‘रेषा आकाराबरोबर बदलावी’ ही खूण केलेली नसते. मग व्हिजिटिंग कार्डावर बांगडीचा काळा ठिपका होतो आणि फ्लेक्सवर तीच बांगडी केसासारखी बारीक होते. म्हणून छपाईवाल्याला द्यायच्या प्रतीत रेषांचे आकृतीत रूपांतर करून द्यावे आणि रेषांची जाडी पुढेही बदलता येईल अशी मूळ प्रत संस्थेकडे ठेवावी.

एकच चित्र सगळ्या मापांना पुरत नाही, हेही मंडळाला आधीच सांगा. वार्षिक अहवालातल्या पानभर चित्रात उसाची पाने मोजता येतील, परंतु ॲपमधल्या २४ बिंदूंच्या चौकटीत तीन पाने म्हणजे गर्दी होते. सुसान केअर यांनी १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी ३२ गुणिले ३२ ठिपक्यांत चिन्हे बसवली, ती अजून आठवतात. त्यांचे बळ काय काय वगळले यात आहे. मोठे सचित्र रूप, मध्यम रूप आणि लहान रूप अशा तीन पायऱ्या ठरवा, आणि एक तरी ठळक खूण तिन्हींत तीच ठेवा.

डोळ्याला सारखे दिसणे आणि मापाने सारखे असणे यांतही फरक आहे. गूगलच्या ‘मटेरियल’ या आरेखन-नियमावलीत २४ च्या चौकटीत चौरस १८ चा आणि वर्तुळ २० चे असते, कारण एकाच मापाचे वर्तुळ चौरसाशेजारी लहान वाटते. आपल्याला आणखी एक पथ्य आहे. इंग्रजी मजकुराशेजारी चिन्ह मोठ्या लिपीतल्या अक्षरांच्या उंचीला जुळवतात. देवनागरीत अक्षराचा भार शिरोरेषेपासून खाली लोंबतो, वर मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी बसवलेले चिन्ह ‘मुदत ठेव’ या शब्दांशेजारी थोडे वर उडाल्यासारखे दिसते. ते शिरोरेषा आणि अक्षराचा पाया यांच्या मध्यावर आणून पाहावे.

हिशेबी

अभ्र यांच्या यादीत झेरॉक्सची भर घालतो. कर्जाचा अर्ज तिसऱ्या पिढीच्या झेरॉक्सवर जिथे पोहोचतो तिथे रंगाचा अर्थ उरत नाही. आपल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी वर्तुळ होते आणि शाकाहारासाठी हिरवे. रंगांधळ्या माणसाला दोन्ही सारखीच. आता मांसाहाराला त्रिकोण केला आहे. तुमच्या ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांतही केवळ हिरव्या-लालचा फरक ठेवू नका. रबरी शिक्क्यावर उमटते का, हेही एकदा पाहा.

खटपट्या

आमच्या शाखेत नामंजूरचा शिक्का झिजून मंजूरसारखा उमटतो, त्यामुळे तिथे चित्राची निकड खरोखरच आहे.

जुना_कंपोझिटर

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मागे पडला आहे: पुढे टिकवायचे कसे? छापखान्यात खिळ्यांचे खण ठरलेले असत. कोणता टाइप कुठल्या खणात हे फोरमनच्या हाती असे आणि त्याला विचारल्याशिवाय नवा टाइप आत येत नसे. तुमच्या संचालाही असा एक राखणदार लागेल. पाचजणांची समिती नको, एक माणूस हवा. नवीन योजना आली की शाखाव्यवस्थापक स्वतः गूगलवरून चित्र उचलतो, तिथे एकसूत्रता सुटायला लागते. त्याला चार दिवसांत नवे चित्र मिळण्याची सोय नसेल तर तो तरी काय करणार?

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. रेघोटीताईंनी सांगितल्याप्रमाणे अर्थांची यादी केली आणि ती आमच्या अपेक्षेपेक्षा बरीच आखूड निघाली, कारण अनेक चित्रे निव्वळ कोपरा भरण्यासाठी होती. ती काढून टाकायचे ठरले आहे. सार्वजनिक सोयींसाठी हिशेबी म्हणतात तशी सर्वमान्य चिन्हे घेऊ, फक्त चौकट आमची ठेवू. कर्ज, ठेवी आणि वसुलीची चित्रे काढून घेऊ. निरगुडी यांची चाचणी आठवडी बाजाराच्या दिवशी शाखेत करणार आहोत.

एकच अडले आहे. जामीनदारासाठी काय काढावे? हस्तांदोलन काढले तर भागीदारी वाटते, छत्री काढली तर विमा वाटतो, साखळी काढली तर जामीन द्यायला कोणी येणारच नाही.

रेघोटी

काही काढू नका. ‘जामीनदार’ असा शब्दच ठेवा, त्याच चौकटीत आणि त्याच जाडीच्या अक्षरांत. ज्या अर्थाला डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही त्याच्यासाठी रूपक शोधत बसले की चाचणीत तेच चित्र सर्वांत आधी पडते. बाकीच्या चित्रांखालीही शब्द राहू द्यावा. ज्याला वाचता येते त्याला चित्राचे कोडे सोडवायला लावू नये.

हिशेबी

चित्रकाराशी करार करण्याआधी एक पाहा. प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे नोकरीतल्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, संस्थेचा असतो. बाहेरच्या चित्रकाराबाबत पैसे दिले म्हणजे हक्क आलाच असे धरून चालू नये. लेखी हस्तांतरण करून घ्यावे. त्यात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता मानला जातो. पाच वर्षांनी पासबुक पुन्हा छापायच्या वेळी हे आठवण्यापेक्षा आत्ताच ‘कायमस्वरूपी’ लिहून घ्या, आणि नंतर चित्रांत बदल करण्याची व भर घालण्याची मुभा संस्थेला राहील हेही त्यातच नमूद करा.

अभ्र

आणि मूळ संपादनक्षम फायली मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. केवळ पीडीएफवर काम भागवणारे चित्रकार माझ्या पाहण्यात आहेत. रेघोटीताई अर्थातच त्यांत नाहीत.

रेघोटी

मी फायली देते. शेवटचा हप्ता वेळेवर देणाऱ्या संस्थाही तुमच्या पाहण्यात असतील तर त्यांचे पत्ते कळवावेत.